छातीतल्या गाठींना सुई लावायची ती कुठून आणि कशासाठी

डिचोली तालुक्यातून एका मुलीने वडिलांविषयी विचारले आहे. वडील ५९ वर्षांचे. खनिज खाणीवर बावीस वर्षे मशीन चालवले, खाणी बंद पडल्यावर घरची बागायत बघतात. दोन महिने संध्याकाळची कणकण, कोरडा खोकला, सहा किलो वजन उतरलेले. थुंकीत काही सापडले नाही. सीटीत दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत गाठी दिसल्या: श्वासनलिका दुभंगते तिच्या खाली २४ मिलिमीटरची, आणि श्वासनलिकेच्या उजव्या अंगाला १५ मिलिमीटरची. एका डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून, आतून सोनोग्राफी करून सुई लावायला सांगितले. दुसरे म्हणाले, टीबीच्या गोळ्या सुरू करून बघू. आणि वाड्यावरच्या जाणत्यांनी बजावले, 'सुई लायली की कॅन्सर पसरता.' तिचे प्रश्न तीन: ही तपासणी टाळता येईल का, ती श्वासनलिकेतून करायची की अन्ननलिकेतून, आणि करून तरी नक्की कळेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या बाबांच्या बाबतीत सगळे तिथेच अडलेले आहे. कळेल की नाही, हे सुई गाठीत गेली एवढ्याने ठरत नाही. सुईतून जे बाहेर आले ते कोणत्या बाटलीत गेले, यावर निम्मे उत्तर अवलंबून असते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी, ही विद्या हाताला नुकती लागली होती तेव्हा, सत्तरी भागातला एक बिडी ओढणारा गृहस्थ माझ्याकडे आला. सीटी बघून माझ्या मनाने कॅन्सर पक्का केला होता. सुई अगदी मनासारखी लागली, माल भरपूर आला, आणि मी तो सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या रसायनात, टाकला. रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, ग्रॅन्युलोमा आहेत. ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराने एखाद्या जंतूभोवती किंवा कणाभोवती बांधलेले पेशींचे कुंपण. आता टीबीचा जंतू वाढवून बघायला हवा होता, पण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो, मेलेला जंतू वाढणार कसा? महिन्याभराने त्या माणसाला पुन्हा उपाशी बोलावून पुन्हा सुई लावली. या वेळी अर्धे सलाइनमध्ये ठेवले, आणि त्यात रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी निघाला. नेहमीच्या गोळ्या त्याला लागूच पडल्या नसत्या. तेव्हापासून, आत जायच्या आधी बाटल्या मांडून, त्यांच्यावर नाव घालून घेतो. नर्सताई हसतात, हसोत.

आता रस्त्याचे बघू. सोनोग्राफीच्या लहरींना हवा चालत नाही, हाडही चालत नाही. पोटाची सोनोग्राफी बाहेरून होते, पण छातीत बरगड्या आणि हवेने भरलेली फुफ्फुसे आडवी येतात. मधल्या जागेत हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांची दाटी असते, आणि गाठी त्यांच्या सांदीकोपऱ्यांत बसलेल्या असतात. पूर्वी तिथे पोचायचे तर भूल देऊन, गळ्याखाली, छातीच्या हाडाच्या वरच्या बाजूला छेद घेऊन नळी घालावी लागे. ही शस्त्रक्रिया १९५९ साली स्वीडनच्या कार्लेन्स यांनी मांडली. नंतर दुर्बिणीतून अंदाजाने सुई टोचण्याचे तंत्र आले, पण त्यात गाठ डोळ्यांना दिसत नसे, सीटी आठवून आंधळेपणाने टोचायचे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अन्ननलिकेच्या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी बसवून सुई लावणे सुरू झाले, त्याला आम्ही ईयूएस म्हणतो. पुढे जपानी डॉक्टरांनी तीच युक्ती श्वासनलिकेच्या बारीक दुर्बिणीत आणली आणि २००४ च्या सुमारास त्याचे अनुभव प्रसिद्ध झाले. ते ईबस.

दोन्हींत काम एकच. दुर्बीण नळीच्या भिंतीला टेकवायची, भिंतीपलीकडे काय आहे ते पडद्यावर बघायचे, डॉपलरने रक्तवाहिन्या ओळखून त्या चुकवायच्या, आणि सुई पडद्यावर दिसत असताना गाठीत घालायची. फरक आहे तो कुठून काय दिसते याचा. पणजीच्या धक्क्यावरून बेती दिसते, बेतीहून पणजी दिसते, पण पणजीच्या मागच्या गल्ल्या काही बेतीहून दिसत नाहीत. तसेच इथे. श्वासनलिकेतून तिच्या दोन्ही अंगांच्या गाठी, दुभंगाखालची गाठ आणि दोन्ही फुफ्फुसांच्या मुळाशी असलेल्या गाठी गाठता येतात. अन्ननलिका श्वासनलिकेच्या मागे, थोडी डावीकडे असते. त्यामुळे तिथून डावीकडच्या, दुभंगाखालच्या आणि त्याहून खाली, अन्ननलिकेलगतच्या गाठी छान दिसतात. शिवाय दुर्बीण पोटात उतरवली तर यकृताचा डावा भाग आणि डावी ॲड्रिनल ग्रंथीही तपासता येते, आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये हे फार मोलाचे असते. उजव्या अंगाच्या गाठी मात्र अन्ननलिकेतून बहुधा हाती लागत नाहीत, कारण मध्ये हवेने भरलेली श्वासनलिका येते.

तुमच्या बाबांची मोठी गाठ दुभंगाखालची आहे. ती दोन्हीकडून गाठता येते. धाकटी उजव्या अंगाची, ती श्वासनलिकेतूनच. म्हणून मी त्यांना ईबस करीन. पण एक मुभा हाताशी ठेवीन. ईबसची तीच बारीक दुर्बीण गरज पडली तर अन्ननलिकेतही घालता येते. खोकला आवरेना, प्राणवायू उतरू लागला, की श्वासनलिकेतून बाहेर येऊन मागच्या वाटेने दुभंगाखालच्या गाठीला सुई लावायची. अन्ननलिकेतून खोकला जवळजवळ येत नाही. दमेकरी, मुळात प्राणवायू कमी असलेले, फार वयस्कर, अशांना मी मुद्दाम ती वाट धरतो. तुमच्या डॉक्टरांना विचारा: दोन्ही वाटांचा अनुभव आहे का? नसला तरी बिघडत नाही, पण उत्तर कसे देतात त्यावरून बरेच कळते.

टाळता येईल का? येईल, एका बाबतीत. कोणीतरी बाबांची मान नीट चाचपली आहे का? गळ्याच्या हाडाच्या वर, खड्ड्यात, बोटाला लागेल अशी गाठ असली तर तिला बाहेरून, ओपीडीत बसल्या बसल्या, साध्या सुईने तपासता येते. छातीतला आजार बऱ्याचदा तिथे डोके वर काढतो. दुर्बिणीसाठी मोठ्या रुग्णालयातून माझ्याकडे धाडलेल्या माणसांपैकी काहींची गाठ मला मानेतच सापडली आणि दुर्बीण बाहेर काढायची वेळच आली नाही. बाबांना शर्टाची वरची दोन बटणे काढून खुर्चीवर बसवा, डॉक्टरांना मागे उभे राहून चाचपायला सांगा, दोन मिनिटांचे काम.

मानेत काही नसेल, तर मात्र माझे मत तपासणी करावी असेच आहे. गोळ्या देऊन बघू, हा सल्ला ऐकायला सोपा वाटतो. आपल्याकडे टीबी खूप आहे, कणकण आणि वजन उतरणे ही त्याचीच लक्षणे, हे खरे. पण बाबांच्या वयात आणि त्यांच्या कामाचा विचार करता निदाने पाच संभवतात: टीबी, खाणीच्या धुळीने सुजलेल्या गाठी, सार्कॉइडोसिस (जंतूविना गाठी सुजवणारा आजार), लिंफोमा (लसिका गाठींचाच कॅन्सर) आणि फुफ्फुसाचा कॅन्सर. गोळ्यांनी बरे वाटले तर टीबी, नाही तर दुसरे काही, असा सरळ हिशेब गाठींच्या टीबीत लागत नाही. औषध चोख लागू पडत असतानाही गाठी आधी काही आठवडे फुगू शकतात, हे आम्ही नेहमी बघतो. म्हणजे दोन महिन्यांनी सीटी पुन्हा केला, गाठ मोठी दिसली, तर आपण पुन्हा जिथे होतो तिथेच. आणि आजार लिंफोमा असला तर ते दोन महिने गेले. मी कधीच अशा गोळ्या सुरू करत नाही असे नाही. तरुण मुलगा, घरात टीबीचा रोगी, मॅन्टू, म्हणजे टीबीची त्वचेवरची चाचणी, ठळक, गाठींच्या मधोमध सीटीत मेलेला भाग दिसतो आणि दुर्बीण झेपणार नाही, अशा वेळी केल्या आहेत. ५९ वर्षांच्या खाणकामगाराला करणार नाही.

धुळीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेरगावचे डॉक्टर तिच्याकडे पटकन दुर्लक्ष करतात. गोव्याच्या खनिज पट्ट्यात लोहखनिजाबरोबर गारेचा दगड येतो आणि त्यातून सिलिकाची बारीक धूळ उडते. ती फुफ्फुसात जाते, तिथून गाठींत साठते. अशा गाठी वर्षानुवर्षे मोठ्या राहतात, कधी त्यांच्या कडेला अंड्याच्या कवचासारखा चुना बसतो, तो सीटीत ओळखू येतो. सुई लावताना त्या हाताला कडक लागतात, खरखरतात. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आयांच्या गाठींतून तर सुईत काळे पाणी येते, आणि स्लाइड बघणारा डॉक्टर फोनवर म्हणतो, 'हे काय, कोळसा पाठवलात?' पण धूळ सापडली म्हणून टीबी नाही, असे म्हणता येत नाही. उलट सिलिकाने भरलेल्या फुफ्फुसात टीबी अधिक सहज रुजतो. म्हणून खाणकामगाराच्या गाठीत धूळ दिसली तरी टीबीची तपासणी मी सोडत नाही.

आणि याच कारणाने पेट स्कॅनने, म्हणजे जास्त साखर खाणाऱ्या पेशी उजळून दाखवणाऱ्या स्कॅनने, सुई टळेल, या भरवशावर राहू नका. पेटमध्ये कॅन्सर उजळतो तसा टीबी उजळतो, सार्कॉइड उजळतो, सिलिकाची गाठही उजळते. सुई कुठे लावायची हे पेट कधी कधी छान दाखवतो. काय आहे, ते नाही सांगत.

सार्कॉइडचे नाव गोव्यात बऱ्याच जणांनी ऐकलेले नसते. त्यातही ग्रॅन्युलोमाच असतात, फक्त जंतू नसतो, आणि उपचार म्हणून पुष्कळदा स्टिरॉइड द्यावी लागतात. टीबीला सार्कॉइड समजून स्टिरॉइड दिली तर टीबी भडकतो. सार्कॉइडला टीबी समजून सहा महिने गोळ्या दिल्या तर यकृताला विनाकारण ताप. म्हणून या दोघांना वेगळे करणे हे भारतात ईबसचे सर्वांत मोठे काम आहे, असे मला वाटते. युरोपात ३०४ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात, जो २०१३ साली प्रसिद्ध झाला, सार्कॉइडचा संशय असलेल्यांत नेहमीच्या दुर्बिणीने फुफ्फुसाचे तुकडे घेऊन ५३ टक्क्यांत ग्रॅन्युलोमा सापडले, तर सोनोग्राफीच्या सुईने ८० टक्क्यांत. तिकडे टीबी तुरळक, त्यामुळे ग्रॅन्युलोमा सापडले की काम झाले. आपल्याकडे तिथून खरे काम सुरू होते.

म्हणून पुन्हा बाटल्यांकडे येतो. बाबांसाठी मी अशी वाटणी करीन. पहिल्या वेळेचा माल काचपट्ट्यांवर पसरून, शक्य असेल तर पॅथॉलॉजिस्टला तिथेच बोलावून, त्यात गाठीच्या पेशी आल्यात का ते बघायचे. नुसते रक्त आले असेल तर जागा बदलायची. पुढचा माल सलाइनमध्ये, टीबीसाठी: त्यातला थोडा सीबीनॅटला, जे जंतूचा अंश आणि रिफॅम्पिसिनचा प्रतिरोध साधारण दोन तासांत सांगते, आणि थोडा कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला. सीबीनॅट नकारात्मक आले तरी गाठींच्या टीबीत ते पूर्ण हमी देत नाही, म्हणून कल्चर लागतेच. आपल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या मोलबायोचे ट्रूनॅट यंत्र याच जातीचे, २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, तुमच्या आरोग्य केंद्रात थुंकी त्याच यंत्रावर तपासली गेली असण्याची शक्यता आहे. तिसरा वाटा फॉर्मॅलिनमध्ये, कारण कॅन्सर निघाला तर ईजीएफआर, एएलके असल्या जनुकांच्या तपासण्यांना पेशींचा गठ्ठा लागतो, आणि आज फुफ्फुसाच्या कॅन्सरचे औषध त्यांच्यावरच ठरते. लिंफोमाची शंका आली तर आणखी एक वाटा ताजा, पेशींचे प्रकार ओळखणाऱ्या फ्लो सायटोमेट्री तपासणीला. हे सगळे आधी ठरवायचे. आत सुई असताना बाटली शोधत बसायची नाही.

प्रत्यक्षात काय होते? सहा तास घन अन्न नाही, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. घशात बधिर करणारा फवारा मारतात, तो कडू लागतो, शिरेतून झोपेचे औषध देतात. बाबा अर्धवट झोपेत असतील, श्वास स्वतःच घेतील. दुर्बीण तोंडातून जाते, कारण ती साध्या दुर्बिणीपेक्षा जाड, सुमारे सात मिलिमीटरची असते. सुई पाऊण मिलिमीटरच्या आसपास. गाठीत ती दहा-पंधरा वेळा मागेपुढे होते, आणि एका गाठीला किमान तीनदा लावावी लागते. अर्धा-पाऊण तास धरा. नंतर घसा खवखवणे, थुंकीत रक्ताची रेघ, एखादा दिवस ताप, हे चालते. गंभीर गुंतागुंत शंभरात एकापेक्षा बरीच कमी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर थंडी वाजून ताप आला, छातीत दुखले, तर मात्र घरी थांबू नका, गाठीत जंतुसंसर्ग झाला असू शकतो. द्रवाने भरलेली पिशवी दिसली तर मी तिला सुई लावत नाही, ते याच भीतीने.

बाबा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात का, हे तुम्ही लिहिलेले नाही. क्लोपिडोग्रेल असेल तर ते पाच-सात दिवस आधी थांबवावे लागते, पण हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच, स्टेंट असताना परस्पर बंद केलेले मी पाहिले आहे आणि त्याचे परिणामही. ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवता येते. मधुमेहाची सकाळची गोळी उपाशीपोटी द्यायची नाही. आणि परत नेताना स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका, झोपेचा अंमल संध्याकाळपर्यंत असतो.

सुईने कॅन्सर पसरण्याची भीती मी रोज ऐकतो. सुई बंद म्यानातून जाते आणि म्यानातूनच बाहेर येते, तिच्या वाटेवर कॅन्सर रुजल्याची उदाहरणे जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. न तपासलेला कॅन्सर मात्र आपला आपण पसरतो, त्याला सुईची गरज लागत नाही. वाड्यावर ज्या माणसाचे उदाहरण देतात, त्याला सुई लावली तेव्हा तो शेवटच्या टप्प्यात होता, म्हणून सुईनंतर लवकर गेला. असे एक तरी उदाहरण प्रत्येक वाड्यावर असते.

कॅन्सर निघालाच, तर याच तपासणीचा दुसरा उपयोग होतो: तो कोणत्या गाठींपर्यंत पोचला हे मोजण्याचा. तेव्हा सुई आधी सर्वांत दूरच्या गाठीला लावतात आणि मग जवळच्या, नाहीतर जवळच्या गाठीतल्या पेशी सुईबरोबर दूर जाऊन खोटा टप्पा दाखवतील. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आधी दोन्ही वाटांनी सोनोग्राफी आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया, असे केलेल्या गटात फुकट गेलेल्या छातीच्या शस्त्रक्रिया ७ टक्के होत्या, तर थेट शस्त्रक्रियेने तपासलेल्या गटात १८ टक्के.

आता, 'कॅन्सर दिसला नाही' असा रिपोर्ट आला तर? तो वाचताना एक शब्द शोधा: नमुन्यात लसिका पेशी, म्हणजे गाठीच्या स्वतःच्या पेशी, आहेत का. नसतील तर सुई गाठीत नीट लागलेलीच नाही, आणि तो रिपोर्ट नकारात्मक नाही, अपुरा आहे. पेशी आहेत, पण कारण सापडत नाही, आणि वजन उतरतेच आहे, तर लिंफोमा मनात ठेवून मोठा तुकडा घ्यावा लागतो. लिंफोमात सुईचा बारीक माल पुष्कळदा कमी पडतो, तिथे शल्यचिकित्सकांकडे पाठवायला मी कमीपणा मानत नाही.

खर्चाबद्दल: दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर दाखल होण्याआधीच रुग्णालयाच्या योजना खिडकीवर मंजुरीविषयी विचारा. खाजगीत सांगितलेल्या आकड्यात सुई आणि प्रयोगशाळेच्या तपासण्या धरल्या आहेत का, ते लिहून घ्या. सुई महाग असते आणि एकाच रुग्णासाठी असते, आणि बिल फुगते ते बहुधा तिथेच. पेशींचा रिपोर्ट तीन-चार दिवसांत, सीबीनॅट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, कल्चर मात्र सहा आठवड्यांपर्यंत. कल्चरचा कागद आणायला लोक विसरतात. चवथीच्या धामधुमीत तर हमखास.

येताना सीटीचा नुसता कागद आणू नका, सीडी आणा, सुई कुठून लावायची ते मी चित्रांवरून ठरवतो. आणि आणखी एक काम करा. खाणीच्या नियमांनुसार कामगारांची दर पाच वर्षांनी वैद्यकीय तपासणी व्हायची, त्यात छातीचा एक्स-रे असायचा. बाबांच्या कपाटात, ट्रंकेत, कुठेतरी त्या फिल्म्स असतील, नसतील तर जुन्या खाण कार्यालयात विचारा. दहा वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्ये फुफ्फुसांच्या मुळाशी अशीच सावली असेल तर माझा सगळा विचार धुळीकडे झुकेल, आणि छाती तेव्हा स्वच्छ असेल तर या गाठी नव्या आहेत आणि तपासणीला पुढच्या आठवड्यापर्यंतही थांबायचे नाही.